ऊन पाण्याचे गाव

'ऊन' हा आपल्या भाषेतला मोठा मायाळू शब्द आहे. संस्कृतातला 'उष्ण' शतकानुशतके लोकांच्या तोंडी झिजला आणि त्याचा 'ऊन' झाला. ऊन भात, ऊन दूध, नरकचतुर्दशीच्या पहाटे घंगाळात काढलेले ऊन ऊन पाणी! हाच शब्द आपल्या कितीतरी गावांनी आपल्या नावात जपून ठेवला आहे. राजापूरजवळचे उन्हाळे, दापोलीकडचे उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, चोपडे तालुक्यातले उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी वसलेले उनकेश्वर. या साऱ्या ठिकाणी जमिनीच्या पोटातून आपोआप ऊन पाणी येते. त्याला ना सरपण लागते, ना चूल.

आमच्या वडशाच्या आसपास पाण्याला तोटा नाही. वैनगंगा उशाशी आहे, तळी-बोड्या गावोगाव आहेत. पण सारे पाणी थंड. म्हणून गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब उनकेश्वरास जायचे ठरविले. मुलांना वाटले, आपण जपानी माणसांसारखी सहल करणार. त्यांनी कुठेतरी चित्रे पाहिली होती: बर्फात वाफाळणारे कुंड, सुती झगे घातलेली कुटुंबे, लाकडी धर्मशाळेसारखी घरे. जपानी लोक या झऱ्यांना 'ओन्सेन' म्हणतात. 1948 साली त्यांनी त्यासाठी कायदाही केला. झऱ्याचे पाणी उगमाशी 25 अंश किंवा अधिक उष्ण असले, की ते ओन्सेन. (या मापाने पाहिले तर मे महिन्यात वडशाच्या नळाला येणारे पाणीही ओन्सेनच म्हणावे लागेल!)

तिकडचे पाणी बहुतेक ज्वालामुखीच्या धगीने तापते. आपल्याकडे तसे नाही. महाराष्ट्राचा काळा पाषाण लाव्हाचाच खरा, परंतु तो निवून साडेसहा कोटी वर्षे झाली. आपल्याकडे पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरते. दर किलोमीटरला सुमारे 25 ते 30 अंश उष्णता वाढत जाते, आणि तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येते. मुलांना एवढे सांगितले, तेव्हा धाकटा म्हणाला, "मग हे पाणी जुनं आहे!" मास्तरकीच्या इतक्या वर्षांत मला हे सुचले नव्हते.

चांदा फोर्टपर्यंत आगगाडी, पुढे मोटारीने वणी, पांढरकवडा आणि पैनगंगा. नदी ओलांडताना आई म्हणाली, "आता मोगलाई लागली." मोगलाई म्हणजे निजामाचे राज्य. ते 1948 साली संपले. किनवट तालुका त्यानंतरही आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा तो नांदेडला जोडला गेला. पण नद्यांच्या दोन्ही तीरांवरची माणसे असल्या सरकारी कागदांपेक्षा जुनी असतात. वऱ्हाडातून माहूरच्या रेणुकेला जाणारे लोक उनकेश्वरचे स्नानही उरकून येतात, हे मोगलाईतही चालत होते.

तेथली कथा लोक अशी सांगतात: शरभंग ऋषींना त्वचेचा रोग जडला होता. वनवासी राम त्यांच्या भेटीस आला, त्याने जमिनीत बाण मारला, ऊन पाणी उसळले, आणि ऋषी बरे झाले. गंमत अशी की उनपदेवालाही हीच कथा सांगतात. वाल्मीकींच्या अरण्यकांडात मात्र निराळेच आहे. तेथे शरभंग रामाच्या दर्शनासाठी थांबलेले आहेत. दर्शन होताच ते अग्निप्रवेश करतात आणि तेजस्वी तरुण रूपाने ब्रह्मलोकी जातात. आदिकवीने ऋषींना अग्नीत घातले. आमच्या लोकांनी त्यांना ऊन पाण्यात बसविले आणि बरे करून घरी धाडले. हा बदल ज्यांनी केला ती माणसे कोण असतील, हे ओळखणे कठीण नाही. ज्यांच्या अंगावर चट्टे उठले होते, तीच!

जपानात कुसात्सू नावाचे ओन्सेन फार प्रसिद्ध आहे. तेथले पाणी तीव्र आम्लाचे आणि इतके कढत, की लांब फळ्यांनी ढवळून निववावे लागते. थंड पाणी घालावे तर गुण जातो, अशी समजूत. 1876 साली जपानात आलेल्या एर्विन बेल्त्स या जर्मन वैद्याने त्या पाण्याची मोठी वाखाणणी केली. पण त्याच कुसात्सूत महारोगीही शतकानुशतके येत. 1887 साली त्यांना गावातून काढून युनोसावा नावाच्या निराळ्या वस्तीत नेण्यात आले. तेथे त्यांनी आपला संसार आणि आपला कारभार उभा केला. 1932 साली जवळच सरकारी रुग्णालय निघाले, आणि 1941 साली वस्ती मोडून टाकण्यात आली. रोग्यांना कोंडून ठेवणारा कायदा तिकडे 1996 साली रद्द झाला. चित्रांतल्या वाफेमागे हेही आहे.

आपणही फारसे वेगळे नव्हतो. इंग्रजांचा 1898 चा महारोग्यांविषयीचा कायदा आपण 2016 साली पुसला. नवरा-बायकोपैकी एकाला हा रोग झाला, एवढ्या कारणावरून मिळणारा घटस्फोट 2019 साली बंद झाला.

आईची एक आत्या होती. सासरच्यांनी तिला गालावरच्या चट्ट्यावरून माहेरी पाठविले, आणि 1956 साली माझ्या आजोबांनी तिला बैलगाडीत घालून उनकेश्वरास नेले. तेव्हा वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन सुरू झालेले होते. या रोगावर गुणकारी गोळ्याही निघाल्या होत्या. आजोबा तिकडे का गेले नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आनंदवनात न्यायचे म्हणजे रोगाचे नाव चारचौघांत घ्यायचे. उनकेश्वरला जाणाऱ्याला मात्र "देवाला चाललो" असे म्हणता येते. ऊन पाण्याने किती जणांचे चट्टे गेले, कोण जाणे; पण अब्रूने घराबाहेर पडायला त्याने कित्येकांना एक वाट दिली. कधीकधी ती वाट एकाच बाजूची असे.

आम्ही दोन दिवस राहिलो. भाऊबीजेपूर्वी परतणे भाग होते. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशातल्या नाटक कंपन्यांची धावपळ उडते, आणि मला एका कंपनीचा अंक पुरा करून द्यायचा होता. पण आई निघायला तयार होईना. सकाळी तिने स्नान केले, दुपारी पुन्हा कुंडाच्या पायरीवर पाय सोडून बसली. मुले तिच्याभोवती. मग तिने प्रथमच त्यांच्यापाशी आत्याचे नाव काढले. जे आमच्या घरात कोणी उच्चारीत नसे.

थोरलीने विचारले, "आजी, तिला परत आणायला कोणी गेलं नाही?"

"दोनदा गेले होते बाबा," आई म्हणाली. "दुसऱ्या खेपेले ते तिथं नोहोती."