बास्केटबॉलवरील पैजा : भाव आणि प्रकार

व्यावसायिक बास्केटबॉल सामन्याचा निकाल, दोन संघांमधील गुणफरक, एकूण गुण किंवा एखाद्या खेळाडूची कामगिरी यांवर पैसे लावण्याची पद्धत. तिचे माहेर अमेरिका आणि तिचा मुख्य आधार नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) ही ३० संघांची लीग. नियमित हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, म्हणजे एकूण १,२३० सामने होतात. ऑक्टोबर ते एप्रिल जवळजवळ रोज रात्री कुठे ना कुठे भाव निघालेला असतो. पैजा घेणाऱ्या परवानाधारक पेढीला तिकडे स्पोर्ट्सबुक म्हणतात. आपल्या बोलीत तो बुकीच.

भाव म्हणजे सामन्याचे भाकीत, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. भाव ही किंमत असते. मार्केट यार्डातला अडत्या कांद्याचा भाव काढतो तेव्हा कांदा तिखट निघेल की गोड, याची त्याला पर्वा नसते. माल हलला आणि आडत सुटली की झाले. बुकीचेही निदान तत्त्वतः तसेच. एका संघावर पैशाचा ओघ वाढला की तो त्या संघाचा भाव आकसतो आणि समोरच्याचा सैल सोडतो. मोठ्या पेढ्या हल्ली स्वतःच्या हिशेबावर भिस्त ठेवून एका बाजूचा बोजा मुद्दाम अंगावर घेतातही. आडत मात्र कोणी सोडत नाही.

सर्वांत साधी पैज म्हणजे मनीलाइन, अर्थात सामना कोण जिंकणार एवढेच. अमेरिकन भाव उणे-अधिक चिन्हांत लिहितात आणि नवख्याची पहिली ठेच तिथेच लागते. उणे चिन्ह वरचढ संघापुढे असते : −२५० म्हणजे १०० डॉलर कमावण्यासाठी २५० डॉलर लावावे लागतील. अधिक चिन्ह कमकुवत संघापुढे : +२०५ म्हणजे १०० लावले तर २०५ सुटतील, मुद्दल वेगळे. युरोपात हेच भाव मुद्दल धरून दशांशात लिहितात, १.४० आणि ३.०५. आपल्याकडच्या चोरट्या क्रिकेट सट्ट्यात भाव पैशांत बोलतात. तिथे −२५० ला नुसते ‘चाळीस पैसे’ म्हणतील, कारण रुपयामागे चाळीस पैसेच सुटायचे. तीनही भाषांत सांगितलेली गोष्ट एकच आहे.

भावातून शक्यता काढता येते आणि ती काढल्याशिवाय भाव वाचला असे म्हणू नये. २५० ला ३५० ने भागले की ७१.४ टक्के येतात. १०० ला ३०५ ने भागले की ३२.८. बेरीज १०४.२. सामन्यात दोनच संघ असताना शक्यतांची बेरीज शंभरावर जाऊ शकत नाही. वरचे ४.२ टक्के बुकीने दोन्ही भावांत मुरवलेले असतात. याला व्हिगोरिश, बोलण्यात ‘विग’ किंवा ‘ज्यूस’ म्हणतात. पावतीवर ही रक्कम कधीच दिसत नाही.

ही आडत सर्वांत स्वच्छ दिसते ती −११० या भावात. गुणफरक आणि एकूण गुणांच्या बहुतेक पैजा याच भावाने होतात. दोघांनी परस्परविरुद्ध बाजूंवर ११०-११० डॉलर लावले की गल्ल्यात २२० येतात. जिंकणाऱ्याला मुद्दल ११० आणि वर १०० असे २१० जातात. १० उरतात, म्हणजे साडेचार टक्के. लावणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर शंभर पैजांपैकी ५२ जिंकूनही तो तोट्यात असतो : ५,२०० आले, ४८ हरलेल्यांपायी ५,२८० गेले. ५३ जिंकल्या तर १३० डॉलर हाती राहतात. नफ्यातोट्याची रेषा ५२.३८ टक्क्यांवर आहे. ‘मी निम्म्याहून जास्त वेळा बरोबर असतो’ ही बढाई म्हणूनच पुरेशी नसते.

बास्केटबॉलची खरी पैज मात्र पॉइंट स्प्रेड, म्हणजे गुणफरकाची. तिचे श्रेय सहसा चार्ल्स मॅकनील या शिकागोच्या माणसाला दिले जाते. तो गणित शिकवायचा आणि १९४० च्या दशकात बुकी झाला. त्यापूर्वी बलाढ्य संघ आणि दुबळा संघ यांच्या सामन्याला गिऱ्हाईकच मिळत नसे, कारण निकाल सर्वांना ठाऊक असायचा. वरचढ संघाच्या माथी आधीच काही गुणांचे ओझे टाकल्यावर कोणताही सामना निम्म्या-निम्म्याचा झाला. ‘कोण जिंकणार’च्या जागी ‘किती गुणांनी’ हा प्रश्न आला.

उदाहरण जवळचे घेऊ. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातला पहिला एनबीए सामना झाला. इंडियाना पेसर्सविरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज, हंगामापूर्वीचा सराव सामना. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी तो १३२–१३१ असा एका गुणाने जिंकला. समजा, त्या दिवशीची रेषा, म्हणजे बुकीने आधी ठरवलेला गुणफरक, पेसर्स −१.५, किंग्ज +१.५ अशी होती (रेषा काल्पनिक, गुण खरे). पेसर्सवर लावणारा हरला, कारण त्याच्या संघाने किमान दोन गुणांनी जिंकायला हवे होते. हरलेल्या किंग्जवर लावणारा जिंकला. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर पेसर्सनी १३०–१०६ अशी धूळ चारली आणि फरक २४ चा झाला. तिथे दीडच काय, वीस गुणांचे ओझेही पेसर्सना जड गेले नसते. रेषेतला अर्धा गुण बरोबरी टाळण्यासाठी असतो. रेषा पूर्णांकात असेल आणि फरक नेमका तेवढाच आला तर त्याला ‘पुश’ म्हणतात व पैसे परत मिळतात.

स्प्रेडमुळे संपलेला सामना संपत नाही. नऊ सेकंद उरली आहेत, गुण ११३–१०५, रेषा साडेसहाची. आघाडीवरच्या संघाचे खेळाडू हात मिळवायला निघाले आहेत, प्रेक्षक जिन्यावर पोहोचले आहेत. हरणाऱ्या संघाचा एक राखीव पोरगा, ज्याला महिन्यातून दोनदा मैदान दिसते, लांबून चेंडू फेकतो आणि तो जाळीत पडतो. ११३–१०८. फळ्यावरचा निकाल तोच. पैजेचा निकाल उलटा, कारण फरक आठावरून पाचावर आला. याला ‘बॅकडोर कव्हर’ म्हणतात, मागच्या दाराने रेषा गाठणे. उलटही घडते. पिछाडीवरचा संघ घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाउल करतो, समोरचा एकेक फ्री थ्रो टाकत जातो आणि चार गुणांचा फरक शेवटच्या अर्ध्या मिनिटात आठावर जातो. या तीस सेकंदांत खेळाडू एका हेतूने धावत असतात आणि पैसा दुसऱ्याच. या पैजेचे सगळे आकर्षण त्या फटीत आहे, आणि सगळा रोगही.

एकूण गुणांच्या पैजेत दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज बुकीने ठरवलेल्या आकड्याच्या वर जाईल की खाली राहील, एवढेच सांगायचे. बोलताना ‘ओव्हर’ आणि ‘अंडर’. या आकड्याचा पल्ला किती असू शकतो ते एनबीएच्या इतिहासातल्या दोन टोकांवरून कळते. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना १९–१८ असे हरवले; बेरीज ३७. चेंडू नुसता हातात धरून ठेवण्याचा हा डाव खेळाला मारक ठरू लागला, तेव्हा १९५४ मध्ये २४ सेकंदांत फेक करण्याची सक्ती आली. १३ डिसेंबर १९८३ रोजी डेट्रॉइट पिस्टन्सनी डेन्व्हर नगेट्सना १८६–१८४ असे नमवले. बेरीज ३७०, नेमकी दसपट. त्या सामन्यात ४८ मिनिटांअखेर १४५–१४५ अशी बरोबरी होती, उरलेले ८० गुण तीन जादा डावांत झाले. पूर्ण सामन्याच्या पैजेत जादा वेळेचे गुण धरतात. पूर्वार्धाच्या किंवा एका क्वार्टरच्या पैजेत अर्थातच त्यांचा संबंध नसतो. पैज लावण्यापूर्वी पेढीचा हा नियम वाचणारे थोडे, भांडणारे पुष्कळ.

अनेक पैजा एकत्र बांधल्या की पार्ले होतो. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर डबल-ट्रेबल खेळलेल्यांना हे वेगळे सांगायला नको : एक जरी चुकली तरी सगळे गेले. −११० च्या तीन पैजा बांधल्या तर १०० डॉलरचे मुद्दलासह सुमारे ६९६ मिळतात. तीनही निम्म्या-निम्म्या शक्यतेच्या असतील तर रास्त मोबदला ८०० हवा. साडेचार टक्क्यांची आडत अशी तेरा टक्क्यांवर जाते, म्हणून पेढ्यांच्या जाहिराती पार्लेच्या असतात. टीझर हा त्याचा धाकटा भाऊ : रेषा चार-पाच गुणांनी आपल्या सोयीने सरकवून मिळते आणि मोबदला तेवढा कापला जातो. विजेतेपदावर हंगामाआधीच लावलेल्या पैजेला फ्यूचर म्हणतात. सामना चालू असताना क्षणाक्षणाला बदलणाऱ्या भावावर लावली ती लाइव्ह पैज.

भाव हलतो तो मुख्यतः बातमीने. बास्केटबॉलमध्ये एका वेळी संघाचे पाचच जण मैदानावर असतात, त्यामुळे एक बडा खेळाडू न उतरणे रेषा कित्येक गुणांनी सरकवायला पुरते. लागोपाठ दोन रात्री सामने असले की दुसऱ्या रात्री नामवंतांना विश्रांती देण्याची पद्धत आहे. म्हणून कोण खेळणार, कोण जायबंदी, हे संघांनी आधी जाहीर करावे असा लीगचा नियम आहे. ती बातमी इतरांआधी कळणे याला रोख किंमत असते.

ही किंमत कोणी वसूल केली, याची नोंद जुनी आहे. १९५० मध्ये अमेरिकेच्या दोन्ही प्रमुख महाविद्यालयीन स्पर्धा जिंकणाऱ्या सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कचे खेळाडू १९५१ मध्ये पकडले गेले. प्रकरण सात महाविद्यालयांपर्यंत आणि ३२ खेळाडूंपर्यंत पोहोचले. सामना हरायची गरजच नव्हती, रेषेपेक्षा कमी फरकाने जिंकले की पुरे. याला ‘पॉइंट शेव्हिंग’, म्हणजे गुण तासणे म्हणतात. सामना हरून संघाला दगा देणे जिवावर येणाऱ्या पोरांनाही दोन गुण तासणे फारसे टोचले नाही. मॅकनीलच्या युक्तीची ही दुसरी बाजू. १९५४ मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सचा जॅक मोलिनास स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावल्याबद्दल एनबीएतून हद्दपार झाला. २००७ मध्ये एनबीएचा पंच टिम डोनागी याने पैजांच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला. पुढच्या वर्षी त्याला १५ महिन्यांची कैद झाली.

वैयक्तिक कामगिरीवरची ‘प्रॉप’ पैज या दृष्टीने सर्वांत कच्ची. तिथे संघ लागत नाही, एक माणूस पुरतो. टोरंटो रॅप्टर्सचा राखीव खेळाडू जॉन्टे पोर्टर २० मार्च २०२४ रोजी सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध तीनच मिनिटे खेळला आणि बरे नाही म्हणून बाहेर गेला. त्याची कामगिरी रेषेखाली राहील असा ८०,००० डॉलरचा पार्ले आधीच लागला होता, जिंकला असता तर ११ लाख डॉलर. पेढीला संशय आला आणि रक्कम गोठवली गेली. एप्रिलमध्ये एनबीएने त्याला कायमचे बाहेर काढले, जुलैमध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यानंतर, तात्पुरत्या स्वरूपाच्या करारांवरील अशा खेळाडूंच्या ‘अंडर’ पैजा लीगच्या भागीदार पेढ्यांनी बंद केल्या. तारांकित खेळाडू खराब खेळला तर चारचौघांत दिसते. बाकावरच्याकडे कोण पाहतो?

अमेरिकेत हा धंदा कायदेशीर होण्याची गोष्टही बास्केटबॉलच्याच घरातली आहे. १९९२ चा संघीय बंदी कायदा पुढे रेटणारे सिनेटर बिल ब्रॅडली हे स्वतः न्यूयॉर्क निक्सचे माजी खेळाडू. नेवाडा राज्य त्यातून सुटले आणि लास वेगासची मक्तेदारी पक्की झाली. २०१४ मध्ये एनबीएचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून पैजा कायदेशीर करून नियंत्रणाखाली आणण्याची मागणी केली. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि निर्णय राज्यांवर सोडला. तीन महिन्यांच्या आतच एनबीएने एका कॅसिनो कंपनीशी भागीदारीचा करार केला. ज्या लीगने मोलिनासला हाकलले तीच आज भावांच्या जाहिरातींचा पैसा घेते. यातला विरोधाभास लीगला जाणवत नसावा, किंवा परवडत असावा.

भारतात बास्केटबॉलवर पैज घेणारी कायदेशीर पेढी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कौशल्याचा खेळ मानलेल्या घोड्यांच्या शर्यतींना वेगळी वागणूक मिळते. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. गोव्यातल्या कॅसिनोंचे परवाने तिथल्या १९७६ च्या कायद्याखालचे, त्यांचा या पैजांशी संबंध नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातली. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार मुळातच निरर्थक असल्याने, मोबाइलवरच्या परदेशी पेढीकडे जिंकलेली रक्कम अडकली तर ती वसूल करण्यासाठी इथल्या न्यायालयात दावा लावता येत नाही.