निस्तार

‘केलंस ना, मग आता तूच निस्तर!’ हे वाक्य घरोघर ऐकू येतं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या मुलखात, या क्रियापदाचा सख्खा भाऊ महसुली दप्तरात नांदतो. त्याचं नाव निस्तार.

संस्कृत ‘निस्तृ’ म्हणजे तरून जाणं, पार पडणं. संसार पार पडावा एवढंच गावच्या पडीतातून, जंगलातून घ्यायचं, तो निस्तार. कापसाच्या या पट्ट्यात चुलीत पऱ्हाट्या जळतात. त्या सरल्या की काटक्या. बैलांना चारा, वखराला लाकूड, भिंतीला माती. सारं घरापुरतं, बाजारासाठी नाही.

वर्धा जिल्हा मालगुजारीचा, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या मालगुजाराच्या मालकीचा. पडीत मालगुजाराचं, पण त्यात गावाची वहिवाट. ती महसुली बंदोबस्ताच्या वेळी ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावच्या वहिवाटींच्या नोंदीत लिहिली जाई. 1951 मध्ये मालगुजारी गेली, पडीत सरकारजमा झालं. पुढे 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रकाची, म्हणजे या वहिवाटी नोंदवणाऱ्या पत्रकाची, कलमं आली, तीही फक्त विदर्भासाठी. पत्रक जिल्हाधिकाऱ्यांनी करायचं, पण गावकऱ्यांचं म्हणणं ऐकून. शेतीच्या जनावरांना शक्यतो फुकट चराई आणि गावच्या कारागिरांना सवलत, हेही त्यात आलं.

अशा पुष्कळ पडीत जमिनींवर दप्तरानं ‘झुडपी जंगल’ असा शिक्का मारला. वर्ध्यासह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतलं सुमारे 86,000 हेक्टर झुडपी जंगल वनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 22 मे 2025 रोजी ठरवलं. झुडूप वाचलं हे चांगलंच. पण दोन शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाला वन म्हटलं की आधी कुंपण दिसतं.

मात्र ‘निस्तार’ हा शब्द 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांच्या यादीत नावानिशी बसला आणि देशभराचा झाला. त्या कायद्यानं 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

हा हक्काचा प्रश्न देशापुरताही नाही. हवामान-न्याय मागणारे कार्यकर्ते जगभर दोन गोष्टींसाठी भांडतात. एक, हवामानबदलानं झालेल्या हानीची भरपाई. तिच्या निधीचा निर्णय 2022 मध्ये शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत झाला. दुसरी, माती-पाणी-जंगलावरचा स्थानिकांचा हक्क. आपल्याकडे दोन्ही मागण्या एकाच धातूत मावतात: ज्यांनी धूर सोडला त्यांनी निस्तरावं, ज्यांनी मोळीपुरतं जंगल वापरलं, त्यांचा निस्तार त्यांच्याकडे राहावा.