नेम कोठें चुकतो?



लंडनजवळ विम्बल्डन येथें एक मोठें माळरान आहे. २ जुलै १८६० रोजीं तेथें इंग्लंडच्या राष्ट्रीय रायफल मंडळाचे पहिले सामने सुरू झाले, आणि आरंभाची गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीनें झाडली. लक्ष्य चारशें यार्डांवर होतें. गोळी मध्यबिंदूपासून सुमारें सव्वा इंचावर लागली. एवढ्या अंतरावर असा नेम साधणें त्या काळच्या कसलेल्या शिपायालाहि सहसा जमलें नसतें. परंतु राणीनें बंदूक हातीं धरलीच नव्हती. जोसेफ व्हिटवर्थ यांनीं सिद्ध केलेली ती रायफल एका यांत्रिक बैठकीवर घट्ट बसविलेली होती, नेम आधींच लावून ठेवलेला होता, आणि राणीनें चापाला बांधलेली रेशमी दोरी तेवढी ओढली.

हा प्रकार म्हणजे दरबारी शोभेचा खेळ, असें कोणी म्हणेल. मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. बंदुकीमागचा माणूस काढून घेतला म्हणजे बंदूक एकटी काय करते, हें त्या दिवशीं हजारों लोकांनीं पाहिलें. नेम चुकला म्हणजे दोष कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची खरी वाट हीच आहे. पण ती लोकांच्या अंगवळणीं पडावयास पुढें पन्नासाहून अधिक वर्षें लागलीं. त्या वाटेची हकीकत आज मी सांगणार आहें, आणि ती मोठ्या लष्करी बंदुकीची नसून शाळेच्या पोरांच्या हातीं देतात त्या लहान, ‘पॉइंट टू-टू’ रायफलीची आहे.

या विषयाकडे मी वळलों तो स्वतःच्या एका चुकीमुळें. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिराला मी आमच्या मुलांना घेऊन गेलों होतों. पंचवीस यार्डांवर कागदी लक्ष्यें लावलेलीं, मुलांनीं पालथें पडून पांच-पांच गोळ्या झाडावयाच्या. एका मुलाच्या पांचहि गोळ्या काळ्या वर्तुळाबाहेर, खालीं डावीकडे गेल्या. मीं त्याला सर्वांसमक्ष बोललों, “तुझें लक्ष कोठें असतें?” शेजारच्या मुलाच्या गोळ्या चोहोंकडे विखुरल्या होत्या, पण एक नेमकी मध्यावर होती, त्याची मीं पाठ थोपटली. शिकविणारे हवालदार सातारकडचे होते. त्यांनीं दोन्ही कागद माझ्यापुढें धरले आणि म्हणाले, “मास्तर, पोराला रागावूं नका. ह्याच्या पांचहि गोळ्या एका रुपयाखालीं झांकतात. पोरगा चांगला आहे, बंदुकीची माशी सरकली आहे. त्या दुसऱ्याची ती मधली गोळी तेवढी चुकून लागली.” मग त्यांनीं तीच रायफल घेऊन स्वतः पांच गोळ्या झाडल्या. त्याहि खालीं डावीकडेच जाऊन बसल्या. त्या मुलानें मला कांहीं म्हटलें नाहीं. मींहि त्याला त्या दिवशीं कांहीं म्हटलें नाहीं, आणि तें मला अजून लागून आहे.

गोळ्या एकत्र पडून भलत्या जागीं पडणें हा एक रोग, आणि गोळ्या विखुरणें हा निराळाच रोग. पहिल्याला नेमाचें साधन सरकविणें हें औषध आहे. दुसऱ्याला तें औषध मुळींच लागू नाहीं. उलट विखुरलेल्या गोळ्या पाहून जो माशी सरकवीत बसतो, तो दिवसभर गोळ्या खर्चूनहि होता तेथेंच राहतो.

आतां या काडतुसाची जन्मकथा. पॅरिसचे बंदूककार लुई-निकोलस फ्लोबेर यांनीं १८४५ च्या सुमारास ठिणगी पाडणाऱ्या धातूच्या टोपीलाच एक लहान गोळी बसविली. वेगळी दारू नव्हतीच. टोपींतला फल्मिनेटचा मसाला पेटला कीं गोळी सुटे. दिवाणखान्यांत बसून मौजेनें नेम मारण्यापुरती ही सोय. अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथील होरेस स्मिथ व डॅनिअल वेसन यांनीं ती कल्पना पुढें नेली. धातूचें नळकांडें जरा लांब करून त्यांत चार ग्रेन दारू भरली, तळाची कड पोकळ ठेवून मसाला तिच्यांत बसविला, आणि घोड्यानें ती कड चेपली कीं बार व्हावा अशी योजना केली. कडेवर आघात होतो म्हणून इंग्रजींत या जातीला ‘रिमफायर’ म्हणतात. हें काडतूस व त्याचें पिस्तूल १८५७ च्या अखेरीस बाजारांत आलें.

१८५७ हें साल ऐकतांच श्रोत्यांच्या मनांत दुसरेंच कांहीं आलें असेल. एन्फील्ड बंदुकीचीं चरबी लावलेलीं कागदी काडतुसें दांतांनीं फाडण्यावरून आपल्याकडे जो वणवा पेटला, तो याच वर्षांतला. दांतांची गरज न ठेवणारें काडतूस त्याच वर्षाअखेर सातासमुद्रापलीकडे विक्रीस मांडलें जात होतें. इतिहासांत अशा गांठी पडतात. त्यांवरून निष्कर्ष काढण्याचा मोह मात्र आवरावा.

या रचनेंत एक अडचण होती. कड चेपली जावी म्हणून धातु पातळ व मऊ हवा; आणि धातु मऊ म्हटल्यावर मोठ्या दारूचा जोर त्याला सोसत नाहीं. अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत हेन्री आणि स्पेन्सर रायफलींचीं मोठीं काडतुसें याच जातीचीं होतीं. पण पुढें तळाच्या मध्यभागीं आघात घेणारीं मजबूत काडतुसें निघालीं आणि मोठी मंडळी मागें पडली. लहान मात्र टिकलें, कारण तें स्वस्त, आवाज थोडा, धक्का जवळजवळ नाहीं. १८८७ सालीं चिकोपी फॉल्स येथील स्टीव्हन्स कारखान्यानें पांच ग्रेन दारू आणि चाळीस ग्रेन वजनाची गोळी एकत्र करून ‘लॉंग रायफल’ नांवाचें काडतूस काढलें. गोळीचें वजन पाव तोळाहि भरत नाहीं. आज जगभर तेंच चालतें.

मोठ्या रायफलीचा हौशी नेमबाज रिकामें काडतूस स्वतः पुन्हां भरतो, दारू तोलून घालतो. लहान काडतूस एकदां कड चेपली कीं निकामी. म्हणजे मसाला कडेंत सर्वत्र सारखा बसला आहे कीं नाहीं, हें सर्वस्वी कारखान्याच्या हातीं. नेमबाजाला काडतूस निवडतां येतें, सुधारतां येत नाहीं.

हें खेळणें गंभीर झालें तें बोअर युद्धामुळें. डिसेंबर १८९९ मध्यें स्टॉर्मबर्ग, मागर्सफॉंटीन व कोलेन्सो या तीन ठिकाणीं एकाच आठवड्यांत इंग्रजी फौजा हरल्या. समोर शेतकरी होते, पण त्यांचा नेम पक्का होता. कोलेन्सोच्या लढाईंत लॉर्ड रॉबर्ट्स यांचा मुलगा जखमी होऊन वारला. हे रॉबर्ट्स जन्मानें कानपूरचे, आणि त्यांची बहुतेक हयात हिंदुस्थानांत गेलेली. मायदेशीं परतल्यावर सामान्य नागरिकाला नेमबाजी शिकवावी असा त्यांनीं ध्यास घेतला. परंतु मोठ्या रायफलीला शेंकडों यार्डांचें मैदान लागतें, तें गिरणीच्या कामगाराला कोठून मिळावें? लहान रायफलीला पंचवीस यार्डांचें दालन पुरतें. १९०१ सालीं कामकरी लोकांच्या रायफल मंडळांची एक संस्था निघाली, आणि हिंवाळ्याच्या संध्याकाळीं दिव्याच्या उजेडांत हजारों कारकून व कारागीर नेम मारूं लागले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकांत या रायफलीचे सामने झाले.

नवी रायफल घेतलेला असा कारागीर प्रथम काय करी? रायफल वाळूच्या पिशवीवर टेंकवून, म्हणजे राणीच्या बैठकीची गरिबाची आवृत्ति करून, एकाच बिंदूवर पांच किंवा दहा गोळ्या झाडी, आणि मध्यें माशीला हात लावीत नसे. मग गोळ्यांच्या समूहाचा मध्य काढी. तो मध्य एक इंच डावीकडे असला तर पुढचें गणित त्रैराशिकाचें आहे. पंचवीस यार्ड म्हणजे नऊशें इंच. पुढची माशी आणि मागची खाच यांत तीस इंचांचें अंतर धरलें, तर नऊशेंला तिसांनीं भागून तीस येतात. म्हणून मागची खाच एक इंचाचा तिसावा भाग उजवीकडे सरकवावयाची. हें अंतर मिलिमीटरहून कमी आहे. हातोडीनें ठोकून तें साधत नाहीं, म्हणूनच बारीक आंट्यांच्या स्क्रूवर सरकणारीं छिद्राचीं साधनें प्रचारांत आलीं. मागचें साधन गोळी जिकडे न्यावयाची तिकडे सरकवावें, पुढची माशी मात्र उलट बाजूला. हा नियम भले भले उलटा करतात आणि मग रायफलीला शिव्या देतात.

गोळ्या विखुरल्या तर? येथें अमेरिकेंतील मिलफर्ड गांवचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांची आठवण केली पाहिजे. कोंबड्यांच्या खाद्यासाठीं हाडें कापण्याचें यंत्र काढून यांनीं पैसा मिळविला, आणि तो एका प्रश्नापायीं खर्चिला: एकाच नळींतून सुटलेल्या गोळ्या एकाच छिद्रांतून कां जात नाहींत? त्यांनीं काँक्रीटचा एक अचल खांब उभारला, त्याला ते विनोदानें जिब्राल्टर म्हणत. त्यावर नळी ठेवून, वाटेंत जागोजाग कागदाचे पडदे लावून ते गोळीचा मार्ग तपाशीत. मुद्दाम गोळ्या बिघडवूनहि ते झाडीत. गोळीचें नाक ठेंचलें तरी ती बऱ्यापैकीं सरळ जाते, पण तिची बैठक, म्हणजे मागचें बूड, एका बाजूला किंचित् जरी दुखावलें तरी ती भरकटते, असें त्यांना दिसलें. १९०९ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे प्रयोग बहुतांशीं मोठ्या गोळ्यांवर होते, तरी निष्कर्ष लहानीलाहि लागू पडतो. गोळीच्या बुडाला सर्वांत शेवटीं स्पर्श करते ती नळीच्या तोंडाची कड. त्या कडेला टंवका गेला, किंवा साफ करण्याची सळई पुढून घालून घालून ती एका बाजूला झिजली, कीं प्रत्येक गोळी सुटतांना एका अंगानें ढकलली जाते. दस्त्याचे स्क्रू ढिले असणें, नेमाचें साधन हलणें, नळींत शिशाचा थर बसणें, हीं कारणेंहि आहेतच, आणि आधीं तपासावयाचीं तींच, कारण त्यांना पैसा लागत नाहीं.

पण चुकीच्या निदानाची सर्वांत मोठी कथा गंजाची आहे. काळ्या दारूच्या काळीं धुराची काजळी इतकी बसे कीं लोक नळी पाण्यानें धूत. पुढें धूर न करणारी नवी दारू आली, नळी स्वच्छ दिसूं लागली, लोक नुसतें तेल लावून ठेवूं लागले, आणि कांहीं दिवसांत नळ्या आंतून गंजून खराब होऊं लागल्या. सर्वांनीं दोष नव्या दारूला दिला. तिच्यांतील आम्ल लोखंड खातें असें ठरून गेलें. १९२२ सालीं अमेरिकेच्या खाणी खात्यांतील विल्बर्ट हफ यांनीं दाखविलें कीं अपराधी दारू नसून मसाला आहे. त्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळून एक क्षार उरे, आणि तो क्षार हवेंतील ओल शोषून घेई. कोंकणांत पावसाळ्यांत मिठाची बरणी उघडी ठेवली तर काय होतें हें आपल्या गृहिणींना ठाऊक आहे. तेंच नळींत होत होतें. तेलांत क्षार विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणजे जुने लोक काजळीसाठीं पाणी वापरीत आणि नकळत क्षार धुवून काढीत. शिवाय काळ्या दारूची राख त्याला पातळ करी. १९२० नंतरच्या दशकांत क्लोरेटविरहित मसाल्याचीं काडतुसें सर्रास निघूं लागलीं आणि लहान रायफलीचें आयुष्य वाढलें. मधल्या वर्षांत किती नळ्या उगाच भंगारांत गेल्या असतील!

वेगाचीहि अशीच गंमत आहे. १९३० च्या सुमारास जास्त वेगाचीं लहान काडतुसें निघालीं, आणि वेग अधिक म्हणून नेम अधिक असें पुष्कळांस वाटलें. आवाज हवेंतून सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. वेगवान गोळी आवाजाच्या पुढें सुटते आणि वाटेंत मंदावून त्याच्या मागें पडते. त्या संधीकाळीं हवेचा विरोध फार वाढतो आणि गोळी डळमळते. आडव्या वाऱ्यानें ती मंद गोळीपेक्षां अधिक वाहवते, हें ऐकून माझ्याहि भुंवया वर गेल्या होत्या. म्हणून सामन्यासाठींचें काडतूस आजहि मुद्दाम आवाजाच्या वेगाहून किंचित् मंद ठेवतात.

आज मोठ्या स्पर्धांचे नेमबाज आपली रायफल काडतुसांच्या कारखान्यांत नेतात. तेथें ती लोखंडी चौकटींत आवळून, निरनिराळ्या घाण्यांचीं काडतुसें झाडून पाहतात. एकाच कारखान्याचा, एकाच नांवाचा माल. तरी एका घाण्याच्या गोळ्या जवळ पडतात, दुसऱ्याच्या जरा पसरतात, आणि शेजारच्या रायफलींत नेमकें उलट होतें. जो घाणा जुळला त्याचा नेमबाज सांठा करून ठेवतो. विम्बल्डनची बैठक येथें पुन्हां भेटते, फक्त रेशमी दोरी नाहीं.

पन्नास मीटरांच्या लक्ष्यावर दहा गुणांचें वर्तुळ १०·४ मिलिमीटरांचें असतें, आणि गोळीची जाडी ५·६ मिलिमीटर. या लक्ष्यावर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें विश्वविजेत्या झाल्या, आणि राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत, गुडघ्यावर, पालथें व उभें अशा तिन्ही आसनांच्या स्पर्धेंत, ४५१·४ गुण मिळवून कांस्यपदक आणलें. सामन्याच्या गोळ्या मोजल्या जाऊं लागण्यापूर्वीं, आणि आसन बदललें कीं पुन्हां, या नेमबाजांना नेम पारखण्याच्या गोळ्या झाडण्याची मुभा असते. त्या गुणांत धरीत नाहींत. नेमबाज त्या झाडतो, समूह कोठें पडला तें पाहतो, आणि मागचा स्क्रू एकदोन घरें फिरवितो.