देणाऱ्याचा दुसरा हात : एल साल्वादोरच्या शेतकरी संघटनांचा धडा

परदेशी मदतीचा विचार करताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो : रक्कम किती आली, आणि हिशेब चोख आहे काय? देणाऱ्याचा दुसरा हात कोठे गुंतला आहे, हा तिसरा प्रश्न मात्र राहून जातो. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशाचा इतिहास आपल्याला तोच विचारावयास लावतो.

१९३२ साली तेथील शेतकऱ्यांचा उठाव लष्कराने चिरडला व हजारो गरिबांची कत्तल झाली. पुढे कित्येक दशके शेतमजुरांना संघटना उभारण्याची मुभा नव्हती. कॉफीचे मळे मूठभर घराण्यांच्या हाती राहिले. क्यूबातील क्रांतीनंतर अमेरिकेच्या एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने लॅटिन अमेरिकेसाठी एक संस्था काढली. लोकशाही संघटना वाढाव्यात व कामगारांनी साम्यवादाकडे वळू नये, हा तिचा हेतू होता. तिचा बहुतेक पैसा अमेरिकन सरकारचा होता. तिच्या साह्याने १९६८ मध्ये साल्वादोर शेतकरी संघ उभा राहिला. त्यातून गरिबांना प्रशिक्षण मिळाले, सहकारी संस्था निघाल्या. हे कार्य खोटे होते, असे आम्ही म्हणणार नाही.

६ मार्च १९८० रोजी सरकारने ५०० हेक्टरांहून मोठ्या जमीनदाऱ्या ताब्यात घेऊन तेथील मजुरांच्या सहकारी संस्थांकडे सोपविण्याचा कायदा केला. त्याच वेळी आणीबाणीही पुकारली. जमीन वाटावयास जे सैनिक आले, त्यांच्याच दहशतीखाली शेतकऱ्यांना राहावे लागले. अनेक ठिकाणी संस्थांचे निवडून आलेले पुढारी मारले गेले.

आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी हे संकट आधीच ओळखले होते. १७ फेब्रुवारी १९८० च्या रविवारी त्यांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना लिहिलेले पत्र प्रवचनात वाचून दाखविले. लष्करी मदत देऊ नये, अशी त्यांची विनंती होती. २४ मार्च रोजी मिस्सा अर्पण करीत असताना त्यांची हत्या झाली.

३ जानेवारी १९८१ रोजी शेतकरी संघाचे नेते व जमीन सुधारणा संस्थेचे अध्यक्ष रोदोल्फो व्हिएरा यांना राजधानीतील एका हॉटेलात नॅशनल गार्डच्या शिपायांनी गोळ्या घातल्या. त्यांच्यासोबत त्या कामगार संस्थेचे दोन अमेरिकन सहकारीही मरण पावले. डिसेंबरात चार अमेरिकन धर्मसेविकांच्या खुनानंतर थांबविलेली लष्करी मदत त्याच जानेवारीत पुन्हा सुरू झाली. दोघा शिपायांना १९८६ मध्ये शिक्षा झाली. १९८७ च्या सर्वमाफीत ते सुटले. हुकूम देणाऱ्यांना शिक्षा झालीच नाही.

एका हाताने संघटना घडविली. दुसऱ्या हाताने तिच्या मारेकऱ्यांची सत्ता पोसली. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण नम्रतेची आहे. डाव्या हाताच्या कृत्याकडे डोळेझाक करण्याची मुभा तिच्यात नाही. १९९२ च्या शांतता करारापर्यंत सुमारे ७५,००० माणसे बळी पडली. २०१८ मध्ये ख्रिस्तसभेने रोमेरो यांना संत घोषित केले.

आपल्या मिशनकेंद्रांतही परदेशी मदतीतून विहिरी खणल्या गेल्या, सहकारी संस्था निघाल्या. त्या मदतीबद्दल आम्ही कृतज्ञच आहोत. परंतु धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी एक कसोटी जवळ ठेवावी : ज्याच्या नावाने मदत आली, तो गरीब आपल्या संस्थेच्या सभेत निर्भयपणे उभा राहून बोलू शकतो काय? तो बोलू शकत नसेल, तर हिशेब चोख असूनही देणे अपुरेच राहते.