परदेशी सेवेची गणना
शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतला कामगार ग्रॅच्युइटीचा हिशेब तोंडीच करतो: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. पण मधली दोन वर्षं कंपनीच्या जर्मनीतल्या उपकंपनीत गेली असतील तर?

आधी नेमणूकपत्र काढावं. प्रतिनियुक्ती असेल, तर सेवा सहसा अखंड धरतात. राजीनामा देऊन गेला, की साखळी तुटते.

पीएफचं वेगळं. भारत–जर्मनी सर्वंकष सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेचा दाखला नेला, की ठरावीक मुदतीपर्यंत तिकडची दुहेरी कपात टळते. दाखला न घेता तिकडेच वर्गणी भरली, तरी पेन्शनच्या पात्रतेसाठी दोन्हीकडचा काळ जोडता येतो. रक्कम मात्र प्रत्येक देश आपल्या वाट्यापुरतीच देतो.