कलकत्ता विद्यापीठ : संशोधन आणि स्वभाषा

विद्यापीठाने ज्ञानाची परीक्षा घ्यावी, की ज्ञान निर्माण करावे? आणि निर्माण करावयाचे, तर ते कोणत्या भाषेत? हे दोन प्रश्न सामान्यतः वेगवेगळे चर्चिले जातात. कलकत्ता विद्यापीठाचा इतिहास पाहिला म्हणजे ते एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे ध्यानात येते.

२४ जानेवारी १८५७ रोजी या विद्यापीठाची स्थापना झाली. त्याच वर्षी मुंबई व मद्रास येथील विद्यापीठेही अस्तित्वात आली. तिन्हींचा आदर्श लंडन विद्यापीठाचा होता. अध्यापन करावे महाविद्यालयांनी. विद्यापीठाने अभ्यासक्रम आखावा, परीक्षा घ्याव्यात आणि पदव्या द्याव्यात, एवढीच त्यांची व्याप्ती. १८५८ साली येथून बी. ए. झालेल्या पहिल्या दोघांपैकी एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय होते. परंतु बंगाली कादंबरीचा हा शिल्पकार विद्यापीठाने घडविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ज्या भाषेत त्यांनी आपले साहित्य निर्मिले, तिला त्या विद्यापीठात उच्च अभ्यासाचे स्थान नव्हते. मुंबईतही स्थिती फारशी निराळी नव्हती. तेथील आरंभीच्या पदवीधरांपैकी असलेल्या न्यायमूर्ती रानड्यांना विद्यापीठात देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून दीर्घकाळ झगडावे लागले, हे मराठी वाचकाला सांगावयास नको.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याने सरकारचे नियंत्रण वाढविले, म्हणून राष्ट्रीय विचाराच्या लोकांनी त्यास विरोध केला. त्याच कायद्यात विद्यापीठांनी स्वतः प्राध्यापक नेमावेत व संशोधनास उत्तेजन द्यावे, अशीही तरतूद होती. १९०६ ते १९१४ या काळात कुलगुरू असलेले न्यायाधीश आणि गणितज्ञ आशुतोष मुखर्जी यांनी ही फट नेमकी हेरली. तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या दोन कायदेपंडितांच्या उदार देणग्यांतून १९१४ साली विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी झाली. त्या देणग्यांतून निर्माण होणारी अध्यासने भारतीयांनाच मिळावीत, अशी दात्यांची अट होती. १९१७ साली सरकारी अर्थखात्यातील नोकरी सोडून चंद्रशेखर वेंकट रामन पालित प्राध्यापक झाले. त्याच वर्षी प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर देवदत्त रामकृष्ण भांडारकर आले. १९२१ साली तत्त्वज्ञानासाठी राधाकृष्णन् आले. प्रांतभेद न मानता माणसे निवडण्याची ही दृष्टी या संस्थेच्या थोरवीचे एक कारण होय.

१९१९ साली आधुनिक भारतीय भाषांत एम. ए. चा अभ्यासक्रम सुरू झाला, ही घटना साहित्याच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. त्यात विद्यार्थ्याला एका मुख्य भाषेबरोबर दुसरीही एक भारतीय भाषा शिकावी लागे. तौलनिक साहित्याभ्यासाचे बीज आपल्याकडे असे परीक्षेच्या नियमांतून पेरले गेले. या वातावरणातच सुनीतिकुमार चट्टोपाध्याय यांचा बंगाली भाषेच्या उद्गमविकासावरील महाग्रंथ १९२६ साली विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

मात्र हा ग्रंथ इंग्रजीत आहे. येथेच या इतिहासातील पेच उघड होतो. देशी भाषा संशोधनाचा विषय झाल्या. संशोधनाचे माध्यम झाल्या नाहीत. १९२० साली मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस या तरुण अध्यापकांनी आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरील निबंध मूळ जर्मनवरून भाषांतरित केले आणि ते विद्यापीठाने प्रकाशित केले. भाषांतर हे दुय्यम काम समजणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये : नवे भौतिकशास्त्र येथे रुजले ते प्रथम भाषांतराच्या द्वारे. पण तेही भाषांतर इंग्रजीतच होते.

स्वायत्ततेविषयी हे विद्यापीठ जागरूक होते. १९२२ साली अडीच लाखांचे सरकारी अनुदान त्यासोबतच्या अटींमुळे आशुतोषांच्या नेतृत्वाखाली नाकारण्यात आले. सत्तेपुढे न वाकणाऱ्या या संस्थेला स्वभाषेकडे वळण्यास मात्र फार वेळ लागला. पदवीदान समारंभाचे भाषण बंगालीत व्हावयास १९३७ साल उजाडले, आणि तेही रवींद्रनाथांनी केले तेव्हा. स्थापनेला तोवर ८० वर्षे झाली होती.

इंग्रजीमुळे येथील संशोधन जगापर्यंत पोहोचले, हा युक्तिवाद खोटा नाही. ढाक्याला गेल्यावर बोस यांनी १९२४ साली आइन्स्टाइनकडे पाठविलेला निबंध इंग्रजीतच होता आणि आइन्स्टाइनने स्वतः तो जर्मनमध्ये उतरविला. परंतु याच बोस यांनी १९४८ साली बंगीय विज्ञान परिषद स्थापून बंगालीत विज्ञानविषयक मासिक सुरू केले. ज्ञान जगापर्यंत जाणे आणि घरापर्यंत येणे, हे दोन्ही प्रवास विद्वानाच्या कर्तव्यात मोडतात, अशी त्यांची धारणा यातून दिसते. पहिल्या प्रवासाची सोय आपल्या विद्यापीठांनी केली. दुसरा बहुतांशी व्यक्तींच्या निष्ठेवर सोडून दिला. संशोधनाचे मूल्यमापन करताना या दुसऱ्या प्रवासाचीही मोजदाद होत नाही, तोवर विद्यापीठांतील भाषाविभाग हे भाषेचे घर न राहता तिचे संग्रहालयच राहतील.