खांबाचं कूळ

धानोऱ्यापासून अक्राणीपर्यंत, नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या भिल्ल किंवा पावरा घरात गेलात तर सागवानी खांबांकडे नीट पाहा. एखाद्याच्या अंगावर रिकामी खाच सापडेल. आज तिच्यात काहीच बसलेलं नसतं. हा खांब आधी दुसऱ्या घरात उभा होता, त्याची ती खूण.

हे घर उकलता येईल असंच रचलेलं. बेचक्याच्या खांबांवर आढं, आढ्यावरून वासे, वाशांवर बांबूच्या कामट्या आणि वर नळीची कौलं. भिंती बांबूच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. छपराचा भार त्यांच्यावर नाहीच. मुलगा वेगळा निघाला किंवा शेताजवळ राहायचं ठरलं, की सांगाडा सोडवायचा आणि लाह करून, म्हणजे गावाने मिळून बिनमजुरीने राबून, नव्या जागी उभा करायचा. खांब कुजतो तो जमिनीत गाडलेल्या टोकाला. तेवढं तोडलं की उरलेला पडवीला पुरतो, आणखी आखूड झाला की गोठ्याला.

1878 च्या वनकायद्याने जंगलं राखीव होत गेली आणि नवा साग तोडणं गुन्हा ठरू लागलं. बापजाद्यांचं लाकूड जपण्याची ही रीत जितकी फिरत्या शेतीतून आली, तितकीच या धाकातूनही घट्ट झाली असावी, असं मला वाटतं.

पुढे नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्रातली 33 गावं बाधित केली. त्यातल्या मणिबेलीत 1993 मध्ये पाणी शिरलं. या गावांतून उठलेल्या कित्येक कुटुंबांनी खांब, वासे, कौलं उतरवून सोबत नेली आणि पुनर्वसन वसाहतींत त्याच लाकडाची घरं उभी केली. कोथरूडचा मस्तानी महालही असाच उकलून दिनकर केळकरांनी पुण्यातल्या आपल्या संग्रहालयात पुन्हा मांडला. त्याला आपण वारसा म्हणतो, आणि ते योग्यच आहे. सातपुड्यातल्या माणसांनी तेच काम घर बुडत असताना केलं. त्यांच्या खांबांनाही तोच मान मिळायला हवा.

आता गावोगाव सरकारी योजनेतली घरकुलं उभी राहत आहेत. पक्कं घर हवंच. पण स्लॅबचं घर पाडलं की राडारोडा उरतो, तर इथे दारातच तीन पिढ्या टिकलेला साग पडून असतो. घरकुलाच्या आराखड्यात जुना सांगाडा वापरायची मुभा द्यावी. पाया दगड-सिमेंटचा करून खांब त्यावर बसवले, तर त्यांचं टोक मातीत कुजणारही नाही.